डिलिव्हरी चार्ज घेतात, मग वर टिप कशाला?

जुळेसोलापूरकर: काल सात रस्ता चौकातून मटण आणि कडक भाकरी मागवली. डिलिव्हरीचे ३५ रुपये लावलेच, वर ॲप म्हणतं २० टिप द्या. तुम्ही देता का हो?

विजापूररोडवाली: देते, पण रोख, हातात. मे महिन्यात पारा ४३ वर, पोरगं तीन जिने चढून आलं. आधी तांब्याभर पाणी दिलं.

शेंगाचटणी: माझा भाऊ दोन वर्षं हेच डिलिव्हरीचं काम करायचा. तो चार्ज म्हणजे त्याची कमाई नव्हे बरं का! फेरीमागे ठरलेले पैसे, पेट्रोल पदरचं. हॉटेलवाल्यानं उशीर केला तरी शिव्या ह्यालाच.

जुळेसोलापूरकर: अस्सं होय. काल भाकरीचा चुरा झाला म्हणून मीपण त्यालाच झापलं की हो.