दारूखान्यातून आणलेला ६० सायकलचा अल्टरनेटर ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालवता येईल का?

सुपारीवाडी (दादर):
नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात आमची सुपारी-नारळाची वाडी आहे आणि तिथला जुना बी-२७५ ट्रॅक्टर अजून उत्तम चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा विहिरीवरची ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर बंद पडून घरच्या पिण्याच्या पाण्यासाठीही रहाटावर जावे लागले. एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली, तर सुपारीचे हाल वेगळेच. वडिलांनी फार पूर्वी मुंबईतल्या दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागातल्या भंगारातून एक अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) आणला होता, तो शिवडीच्या गोदामात पडून आहे. पितळी पट्टीवर १५ केव्हीए, ४४० व्होल्ट, ६० सायकल (हर्ट्झ), १८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असे कोरलेले आहे आणि शाफ्टच्या टोकाला कम्युटेटर असलेला छोटा एक्सायटर (अल्टरनेटरच्या चुंबकांना वीज पुरवणारे यंत्र) आहे. हे यंत्र पट्ट्याने ट्रॅक्टरच्या पीटीओला (इंजिनाची शक्ती बाहेर देणाऱ्या शाफ्टला) जोडून मोटर चालवावी, असे मनात आहे. कोणत्या वेगाने फिरवावे आणि पुली केवढ्या घ्याव्यात?

जुनी_यंत्रे (परळ):
पट्टीवरचे ६० सायकल हे आकडे सर्वांत महत्त्वाचे आहेत. बहुतेक जहाजांवरची वीज ६० सायकलची असते, आपली मोटर मात्र ५० सायकलसाठी बनलेली आहे. आपण अल्टरनेटर पट्टीप्रमाणे १८०० आरपीएमवर फिरवलात, तर व्होल्टेज ठीक दिसेल, पण पंप २० टक्के जास्त वेगाने फिरेल, आणि सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे मोटरवर जवळजवळ पावणेदोन पट भार येईल. ती जळेल.

म्हणून वेग १५०० आरपीएमच ठेवावा. तिथे एक्सायटेशन (चुंबकांना मिळणारा करंट) न बदलता व्होल्टेज साधारण ३६७ मिळेल, आणि एक्सायटरही त्याच शाफ्टवर मंदावणार असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच दिसेल. एक्सायटरचा रेग्युलेटर फिरवून ते ३८०-३९० पर्यंत आणावे. मात्र फील्डचा (चुंबकांच्या वाइंडिंगचा) करंट पट्टीवरच्या आकड्यापलीकडे जाऊ देऊ नये. वेग घटला की क्षमताही घटते, त्यामुळे हे यंत्र १२.५ केव्हीएचेच समजावे. पूर्ण भारावर त्याला साधारण १६ अश्वशक्ती लागेल, ती आपला ट्रॅक्टर सहज देईल.

पुलीचा हिशेब सोपा आहे. पीटीओ ५४० आरपीएमवर फिरतो, म्हणजे वेग २.७८ पटीने वाढवायचा. अल्टरनेटरवर ७ इंची पुली असेल, तर पीटीओकडची साडेएकोणीस इंची हवी. सपाट पट्टा थोडा घसरतो म्हणून २० इंची घ्यावी. बेअरिंग आणि पट्टा नागदेवी स्ट्रीटवर मिळतील.

सुरुवातीचा करंट हा दुसरा प्रश्न आहे. ५ अश्वशक्तीची मोटर थेट सुरू केली, तर क्षणभर तीसएक केव्हीए ओढते आणि एवढ्याशा यंत्राचे व्होल्टेज तिथेच कोसळते. मोटरची सहाही टोके बाहेर काढलेली असतील, तर मोटरला आधी कमी व्होल्टेज देऊन सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावावा, म्हणजे तो भार एक तृतीयांशावर येतो. व्होल्टेज कमी असल्याने मोटरचा जोरही कमीच राहणार आहे; तेव्हा पंप जमिनीवरचा असेल, तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करावा आणि मग हळूहळू उघडावा.

वाइंडर (कुर्ला):
पुली घेण्याआधी वाइंडिंग तपासून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. शिवडीच्या खाऱ्या हवेत इतके पावसाळे काढलेल्या यंत्राचे इन्सुलेशन दमटलेले असणारच. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात किमान एक मेगाओहम दिसत नसेल, तर यंत्र फिरवूच नये. खोके करून आत बल्ब लावून ते सावकाश सुकवावे, रीडिंग चढून स्थिर होईपर्यंत. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करावा. एमरी पेपर टाळावा, कारण त्याचे वीजवाहक कण कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या मधल्या खाचांत अडकतात. ब्रश अडकत असतील, तर ते घरात मोकळे सरकतील असे करून घ्यावेत.

इतकी वर्षे पडून राहिल्याने एक्सायटरची उरलेली चुंबकीय शक्ती गेली असण्याची शक्यता आहे. यंत्र फिरूनही व्होल्टेज उठले नाही, तर ते बिघडले आहे असे मानून भंगारात काढू नये. ते थांबवून एक्सायटरच्या फील्डची टोके सोडवावीत, १२ व्होल्टची बॅटरी योग्य ध्रुवाने काही सेकंद लावावी आणि टोके पुन्हा जोडून फिरवून पाहावे. पुष्कळ जुनी यंत्रे एवढ्यावर उठतात.

सुपारीवाडी (दादर):
आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. आधी मेगर लावून घेतो. घरातले दिवे आणि फ्रिजही यावरच चालवावेत, असे आईचे म्हणणे आहे. ते शक्य आहे का?

जुनी_यंत्रे (परळ):
शक्य आहे, पण न्यूट्रल (तिन्ही फेजांचे सामाईक टोक) आधी पाहावा. जहाजावर न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो, आणि काही यंत्रांत त्याचे टोक बाहेरही काढलेले नसते. चौथे टोक मिळाले, तर त्याला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. ३९० व्होल्टवर फेज आणि न्यूट्रल यांच्यात २२५ मिळतील, दिव्यांना ते चालतात. मोटर सुरू होताना फ्रिज बंद ठेवावा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच, चार पोलच्या चेंज-ओव्हर स्विचमधून (एका वेळी लाइन किंवा अल्टरनेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या) करावी. याबाबत कृपया तडजोड नको: आपली वीज चुकून लाइनवर गेली, तर तीच गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी ११,००० व्होल्ट होऊन खांबावर चढलेल्या लाइनमनपर्यंत पोहोचते.

ट्रॅक्टरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) भार आला की थोडा खाली बसतो. म्हणून रिकाम्या अवस्थेत ५२ सायकल ठेवावेत, म्हणजे मोटर चालू असताना ५० च्या आसपास राहतील. पात्यांचा जुना फ्रिक्वेन्सी मीटर लोहार चाळीत मिळाला, तर तोच घ्यावा. त्याचे थरथरणारे पाते ट्रॅक्टरच्या सीटवरूनही दिसते. आणि पीटीओ शाफ्टवर, तसेच पट्ट्याभोवती, जाळीचे संरक्षण हवेच. तो शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो, लुंगीचे टोक किंवा साडीचा पदर सापडला, तर सोडवायला वेळ मिळत नाही.