मदत हवी आहे: ब्लाउजच्या आत नेमकी कोणती ब्रा?

मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे. पैठणीचा ब्लाउज शिवून आलाय, पण छातीवर अगदी सपाट दिसतो. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यापासून वरचा भाग रिकामा झालाय, त्यामुळे फुल कव्हरेज कपला वर सुरकुती पडते. दुकानातल्या काकांनी नजरेनेच माप घेऊन ३४बी (आकडा पट्ट्याचा, अक्षर कपचं) दिली (टेप काढायला काय होतं कोण जाणे!). पट्टा पाठीवर वर चढतो. घरी मोजलं तर छातीखाली ३२ इंच, छातीवर ३५, म्हणजे ३२सी ना? दोन्हींचा कप जवळपास सारखाच असतो म्हणतात, मग फरक फक्त पट्ट्याचाच? भरीव दिसायला पुश-अप (खालून पॅडने वर उचलणारी) घेऊ की बाल्कनेट (वरून आडवा कापलेला, कमी उंचीचा कप असलेली)? जाड पॅड नकोत, उकडतं. ब्लाउजचा गळा खोल आहे.