घरच्या सुरीला अँगल ग्राइंडर लावावा की नाही?

भोसरीकर:
बाबा भोसरी एमआयडीसीत होते. मशीन हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं, झिजलेलं पातं घरी आणायचं आणि त्याची सुरी करायची, ही तेव्हा घरोघरची रीत. त्यातली एक अजून आहे. टोक मोडलंय, आणि पातं इतकं जाड की कांदा चिरला जात नाही, फाटतो. दुसरी बाजारातली स्टेनलेसची, तिचं टोक वाकलंय. दोन्हींचं टोक गोल करायचंय, पहिलीचं पातं पातळ करायचंय.

माझं मत सरळ आहे. चार इंची अँगल ग्राइंडर, म्हणजे हातात धरून फिरत्या चकतीनं घासायचं मशीन, दोन हजारांच्या आत येतो, त्याला ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावली की काम झालं. बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या घासपट्ट्याचं मशीन, ज्याला धंदा करायचाय त्यानं घ्यावा. पटत नसेल तर बोला.

कानसवाला:
नाही पटत. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे चार इंची डिस्कची कडा सेकंदाला ५७ मीटर पळते. धारेजवळ पातं कागदासारखं, उष्णता जाणार कुठे? साधं कार्बन पोलाद २०० अंशांच्या पुढे गेलं की पाणी उतरायला लागतं, म्हणजे कडकपणा जातो. निळी झाक दिसली म्हणजे ३०० च्या आसपास पोचलात. मग कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट. दहा इंची कानस, एक सी-क्लॅम्प, पॉलिश पेपर. हजाराच्या आत भागतं. एक रविवार जाईल, जाऊ दे.

भोसरीकर:
रविवार घालवून झाला राव! बाबांच्या सुरीवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते.

टूलरूम_काका:
घसरणारच. तुम्ही दोघं वेगवेगळ्या लोखंडाबद्दल भांडताय. मशीन हॅक्सॉची बरीच पाती एचएसएसची असायची, म्हणजे हाय स्पीड स्टील, ड्रिल ज्याचं असतं ते. कानशीइतकंच कडक, आणि ५०० अंशांपर्यंत त्याचं पाणी उतरत नाही. तिथे कानस बिचारी काय करणार? पण पातं एचएसएसचंच आहे हे गृहीत धरू नका, ग्राइंडरला जरा टेकवून ठिणगी बघा. लालसर, मंद, फारशी न फुटणारी ठिणगी पडली तर एचएसएस. पांढरीपिवळी, फुलबाजीसारखी फुटणारी पडली तर साधं कार्बन पोलाद, मग कानसवाला म्हणतो ते लागू. आणि एचएसएस ठिसूळ असतं. वाकवून बघायला जाऊ नका, आमच्याकडे एका हेल्परनं बघितलं होतं.

खोबरंकिस:
एवढा खटाटोप कशाला? धारवाला सायकल घेऊन दारात येतो की.

कानसवाला:
ताई, तो धार लावतो, आकार बदलत नाही. शिवाय कोरड्या चाकावर दाबून धरतो. आमच्या आईच्या सुरीचं पातं दोन वर्षांत निम्मं झालं.

खोबरंकिस:
माझी विळी वीस वर्षं त्याच्याकडेच जाते, अजून नारळ खवते आणि बोटही कापते. असो, चालू द्या.

जुना_बाजार:
बेंच ग्राइंडरचं कोणी नावच काढत नाही! सहा इंची चाक, २,८८० फेरे, कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर, म्हणजे अँगल ग्राइंडरच्या निम्म्याहून कमी. मशीन टेबलावर पक्कं, पातं दोन्ही हातांत. मी जुनं घेतलं. फक्त चाक बसवण्याआधी लाकडी दांड्यानं टकटक करून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर आहे, फेकून द्या.

भोसरीकर:
तेही तापवणारच ना?

जुना_बाजार:
तापवणार. शेजारी पाण्याची बादली ठेवायची, हातमोजे घालायचे नाहीत. बोटाला चटका जाणवला की पातं पाण्यात. हातमोजा चाकात ओढला जातो आणि उष्णताही कळत नाही. चष्मा मात्र हवाच.

कानसवाला:
हे अँगल ग्राइंडरवर करून दाखवा. एका हातात मशीन, दुसऱ्यात सुरी, असंच करतात सगळे. डिस्क पात्याच्या कडेत अडकली की सुरी कुठे उडेल सांगता येत नाही. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही, डाव्या अंगठ्यावर चार टाके आहेत. आणि कापायच्या पातळ डिस्कच्या बाजूनं घासणारे तर मी डोळ्यांनी पाहिलेत. ती फुटते.

भोसरीकर:
अंगठ्याचं मानलं. स्टेनलेसची कानशीनं करतो, तिच्यावर कानस बसते. बाबांची मात्र क्लॅम्पमध्ये पक्की धरून ग्राइंडरनंच. आधी पात्याच्या पाठीवर, धारेच्या उलट बाजूला, ठिणगी बघतो. बेंच ग्राइंडरला बाल्कनीत जागा नाही, तिथे आधीच वॉशिंग मशीन आहे.

टूलरूम_काका:
टोक आधी कर, पातळ करणं नंतर. धारेला अर्धा मिलिमीटर जाडी राहू दे, तेवढं शेवटी ओल्या दगडावर हातानं काढ.

कानसवाला:
डिस्कवरचा गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढू नकोस. आणि पातं मऊ निघालं तर इथेच येऊन सांग, लपवू नकोस.