शत्रू एक, तर सेनापती एक का नव्हता?

प्रश्न: पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्स जर्मनीविरुद्ध १९१४पासून खांद्याला खांदा लावून लढत होते, तरीही पश्चिम आघाडीवर दोन्ही सैन्यांच्या समन्वयासाठी फ्रेंच जनरल फॉशची नेमणूक व्हायला मार्च १९१८ का उजाडावा लागला?

प्रतिसाद १: दोघांचे जीव वेगवेगळ्या ठिकाणी अडकले होते. २१ मार्चला जर्मनांनी हल्ला चढवला, तेव्हा ब्रिटिश सेनापती हेगला इंग्लिश खाडीवरील बंदरे सांभाळायची होती, कारण त्याची रसद आणि परतीची वाट तिथूनच होती. फ्रेंच सेनापती पेताँला मात्र आधी पॅरिस झाकायचे होते. आपापल्या जागी दोघेही बरोबर होते आणि नेमक्या त्याच कारणाने उत्तर फ्रान्समधील आमियाँ शहरापाशी दोन्ही सैन्यांमध्ये फट पडण्याची वेळ आली. २६ मार्चला दुलाँ या फ्रेंच गावाच्या नगरभवनात फॉशचे नाव ठरले, ते या धास्तीपोटी.

प्रतिसाद २: १९१७चा अनुभवही विसरू नये. तेव्हा एका मोहिमेपुरते हेगला तेव्हाचे फ्रेंच सेनापती निव्हेल यांच्या हाताखाली दिले गेले आणि ती मोहीम फसली. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणे आलेच.

प्रतिसाद ३: माझ्या मते फॉशचा अधिकारही निम्माच होता. एप्रिलमध्ये फ्रान्समधील बोव्हे येथे ठरल्याप्रमाणे, आदेशामुळे आपले सैन्य धोक्यात येते असे वाटल्यास प्रत्येक सेनापती थेट स्वतःच्या सरकारकडे दाद मागू शकत होता.