मदत हवी आहे: थांब्यावर वाया जाणारा बसचा वेळ कसा वाचेल?
मंडळी, आमच्या भागातल्या सोसायट्या मिळून शहर बससेवेबद्दल निवेदन देतोय. सगळ्यांचं एकच, बस वाढवा! पण गर्दीच्या वेळी बस खरी रखडते थांब्यावर. चढणारे-उतरणारे एकाच दारात भिडतात, कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घालतोय, थांब्यापुढे रिक्षा लागलेल्या, म्हणून बस भर रस्त्यात उभी. अहमदाबादच्या जनमार्गात (बससाठी वेगळी मार्गिका असलेली सेवा, २००९ पासून) तिकीट स्थानकातच निघतं, फलाटही बसच्या तळाच्या उंचीचा, त्यामुळे चढ-उतार झटपट. पण आमच्याकडे वेगळी मार्गिका नाही, नजीकच्या काळात होणारही नाही. साध्या रस्त्यावर यातलं काय जमेल? मुंबईकरांनो, बेस्टच्या टॅप-इन टॅप-आउटने (चढताना-उतरताना कार्ड किंवा मोबाइल यंत्राला लावून भाडं भरणं) गर्दीत वेळ वाचतो का? ज्येष्ठांना जमतं? वापरणाऱ्यांनीच सांगा, प्लीज.