गुलशन कुमार नुसता चोर होता म्हणणाऱ्यांसाठी

मायणीकर
परवा इथे एकाने लिहिलं, "गुलशन कुमार म्हणजे दर्यागंजचा ज्यूसवाला. दुसऱ्यांच्या गाण्यांवर गब्बर झालेला चोर. हिंदी गाण्याची वाट त्यानेच लावली." खाली पटापट '+१' पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ज्यूसवाला ही शिवी कधीपासून झाली? बापाच्या रसाच्या दुकानात उभा राहिलेला पोरगा सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सीरिज काढतो, नोएडात कारखाना घालतो आणि एचएमव्हीसारख्या जुन्या रेकॉर्ड कंपनीला घाम फोडतो, हे तुम्हाला खुपतंय.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक. एचएमव्हीची कॅसेट पगार झाल्यावरच, तीही एखादी, आणि त्यासाठी साताऱ्याला जायचं. टी-सीरिजची कॅसेट निम्म्या किमतीत एसटी स्टँडवरच्या पानटपरीत, तंबाखूच्या पुड्यांशेजारी टांगलेली असायची. आमच्या घरात गाणं आलं ते तिथून. आणि कव्हर व्हर्जनची सोय 1957च्या कॉपीराइट कायद्यातच होती, कलम 52. मूळ रेकॉर्ड निघालेली असली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा, तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घ्या. पळवाट म्हणा हवं तर, पण चोरी कशी?

गिरगावकर
रॉयल्टी कुणाला भरायची ते सोयीस्कर गाळलंत. गीत-संगीताच्या मालकाला. रफींना काय मिळालं? वादकांना काय मिळालं? ज्या आवाजाने गाणं मोठं केलं त्याच्या हातात शून्य. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत सरळसरळ पायरसीचे आरोप होते, त्यावर एक अक्षर नाही. 'हम आपके हैं कौन'चे हक्क एचएमव्हीकडे असताना त्याच नावाची व्हर्जन कॅसेट यांनी आणली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. गिऱ्हाइकाने मूळ समजून घ्यावी असंच कव्हर असेल तर त्याला काय म्हणायचं?

मायणीकर
रफींचं नाव घेताय म्हणून सांगतो. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली तेव्हा रफींनीच साथ दिली नव्हती, त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गात नव्हते. गायकाला पैसे न देण्याची रीत जुनी आहे, ती गुलशन कुमारने आणली नाही.

गिरगावकर
जुनी रीत आहे म्हणून ती चालवणारा सुटतो का? मास्तरांच्या घरात वाढलात, एवढं कळायला हवं.

मायणीकर
वडिलांना मध्ये आणायचं काम नाही. मुद्द्यावर बोला.

भावगीतवेडी
तुम्ही दोघं किमती आणि कलमं मोजत बसा. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अनुराधा पौडवाल. 'कळत नकळत'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला आवाज. 'आशिकी', 'दिल है के मानता नहीं', 'बेटा', लागोपाठ तीन वर्षं फिल्मफेअर. आणि ऐन भरात असताना ती एका कंपनीपुरती उरली. बाकीच्या संगीतकारांचे दरवाजे बंद, मग भजनं, आरत्या, चालिसा. आपल्या मराठी गायिकेची आणखी पंधरा वर्षं या माणसाने खाल्ली. हे मी कधीही माफ करणार नाही.

तिसरी घंटा
खाल्ली काय? फक्त टी-सीरिजसाठी गाणार हे तिने स्वतः जाहीर केलं होतं. बाईने काही ठरवलं की त्यामागे पुरुषच शोधायचा का? त्याआधी सतरा वर्षं ती गातच होती ना? 1973च्या 'अभिमान'मधल्या श्लोकापासून. तेव्हा किती दरवाजे उघडे होते? का नव्हते, तेही लिहा की.

भावगीतवेडी
मंगेशकरांच्या मक्तेदारीकडे वळवू नका. प्रत्येक धागा शेवटी तिथेच का नेता? मक्तेदारी वाईट होती असं तुम्हाला म्हणायचंय ना? मग एका मक्तेदारीतून सुटायला दुसऱ्याच्या मक्तेदारीत जायचं, हा कसला उपाय?

तिसरी घंटा
"भजनं, आरत्या" हे तुम्ही इतक्या तुच्छतेने लिहिलंत म्हणून सांगते. माझ्या आईला काचबिंदूने दिसेनासं झालं. त्याआधीही तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. या बाईंच्या आवाजातली संस्कृत स्तोत्रांची कॅसेट मी आणून दिली. आई एक ओळ ऐकायची, खटकन बटण दाबून थांबवायची, म्हणायची, परत मागे घ्यायची. बटणांवरच्या खुणा झिजून गेल्या होत्या, पण कुठलं कशाचं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. दोन पावसाळ्यांत आख्खं स्तोत्र पाठ. वाया गेलेली वर्षं ती हीच का?

भावगीतवेडी
तुमच्या आईंना नमस्कार. त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. पण तो आवाज काय काय गाऊ शकला असता हे ज्यांनी 'हे एक रेशमी घरटे' ऐकलंय त्यांना विचारा. मी माझं म्हणणं सोडत नाही.

जुना ऑर्केस्ट्रा
इतका वेळ नुसता वाचत होतो. मी गात होतो, तेव्हा सांगायचा हक्क आहे. व्हर्जन कॅसेटची लाट आली तेव्हा एका छोट्या कंपनीने मला बोलावलं. सकाळी नऊला स्टुडिओत घेतलं, रात्री अकरापर्यंत बारा गाणी. शेवटच्या तिनांत घसा बसलेला ऐकू येतो. एकरकमी पैसे दिले आणि एका कागदावर सही घेतली. कॅसेट आली तर कव्हरवर मूळ गायकाचा मोठा फोटो, माझं नाव आतल्या घडीवर, तेही चुकीचं छापलेलं. लग्नाच्या मांडवात माझाच आवाज वाजत असायचा आणि मी शेजारी उभा. कुणाला सांगणार? सोनू निगम रफींची गाणी गाऊन त्याच लाटेतून वर आला, खरं आहे. त्याच्यामागे आम्ही किती जण होतो ते मोजा.

मायणीकर
दादा, हे वाचून वाईट वाटलं. गायकाला कायद्याने रॉयल्टीचा हक्क मिळायला 2012 उजाडलं, आणि व्हर्जनसाठी पाच वर्षं थांबायची अटही तेव्हाच आली. ती आधी हवी होती, एवढं मान्य करतो. गिरगावकरांना नाही, तुम्हाला मान्य करतो. पण 'आशिकी'ची गाणी आधी अल्बम म्हणून करून घ्यायची, मग त्यांच्यावर सिनेमा उभा करायचा आणि त्या गाण्यांतून कुमार सानू, नदीम-श्रवण घराघरांत न्यायचे, ही नजर चोराची नसते. 12 ऑगस्ट 1997ला अंधेरीत देवळातून बाहेर पडताना त्या माणसाला गोळ्या घातल्या. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण त्याला ज्यूसवाला म्हणतोय.

गिरगावकर
खून झाला ते भयंकर होतं, त्यावर दुमत नाही. पण त्याने हिशोब पुसला जात नाही. कॅसेट स्वस्त झाली, मान्य. ती स्वस्त कुणाच्या पैशाने झाली ते वरती जुना ऑर्केस्ट्रा यांनी लिहिलंय.

भावगीतवेडी
आणि अनुराधाचं काय? तिच्याबद्दल अजून कुणीच नीट उत्तर दिलेलं नाही.

तिसरी घंटा
दिलंय. वर वाचा.