मदत हवी आहे: गाडीखाली हिरवट डाग पडतात, गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधायचं?

नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर. रोज ऐरोली पुलावरून ऑफिसला जाते-येते. आमच्या बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या भागाखाली ओलं दिसायला लागलंय. वॉचमनकाकांनी दाखवलं. आधी पावसाचं पाणी वाटलं, पण बोट लावलं तर बुळबुळीत लागलं, रंग हिरवट आणि वास किंचित गोडसर.

नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि म्हणाले, "मॅडम, रेडिएटर गेला, नवीन टाकावा लागेल." गाडी वर घेतली नाही, खालून पाहिलंही नाही. इतका मोठा खर्च एवढ्याशा तपासणीवर करायला मन धजत नाही.

गणपतीला आईबाबांना घेऊन चिपळूणला जायचंय. बाबांची बायपास झालेली आहे. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापून बंद पडली तर त्यांना उन्हात रस्त्याकडेला बसवायची कल्पनाही करवत नाही. म्हणून घाई आहे, पण चुकीचा पार्ट बदलून निघायचं नाहीये.

हे कूलंटच (इंजिन गार ठेवणारं द्रव) आहे का? रेडिएटरच गेलाय हे ठरवायचं कसं? आणि तोवर गाडी ऑफिसला नेऊ का?

प्रतिसाद

वर्णनावरून कूलंटच वाटतंय. पण पार्ट बदलायच्या आधी एक रात्र पुठ्ठ्याला द्या. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मिळाला तर उत्तम. इंजिनाखाली सरकवा आणि त्यावर पुढची चाकं कुठे येतात, ड्रायव्हरची बाजू कोणती, हे पेनाने लिहून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल आणि पांढऱ्या कागदाने टिपलंत तर रंगही नीट दिसेल.

स्वच्छ, वास नसलेलं पाणी डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला पडत असेल तर ते एसीचं. मुंबईच्या दमट हवेत एसी चालू असताना ते भरपूर गळतं आणि गळायलाच हवं. उलट ते बाहेर पडत नसेल आणि शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं भिजत असेल, तर त्याची नळी तुंबली आहे असं समजा.

इंजिन ऑइल मधासारखं पिवळसर ते काळं असतं, हाताला चिकटतं. गिअर ऑइल त्याहून दाट आणि उग्र वासाचं. ब्रेक ऑइल मात्र फिकट पिवळं, पातळ आणि निसरडं असतं. चाकाच्या आतल्या अंगाला किंवा पेडलच्या खाली असा ओला डाग दिसला, तर गाडी एक पाऊलही चालवू नका, टो करूनच न्या. बाकी गळत्यांना थोडा वेळ असतो, या एकीला नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक भर. पार्किंगमध्ये मांजरं, कुत्री येत असतील तर तो डाग आजच धुऊन काढा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, म्हणून प्राणी चाटतात, आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, तो पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, मग जागा भरपूर पाण्याने धुवा. लहान मुलांनाही लांब ठेवा. पुठ्ठा भिजला की तोही उघड्यावर टाकू नका.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या पार्किंगमध्ये खरंच एक मांजर आणि तिची पिल्लं आहेत. डाग भुसा टाकून काढला, जागा धुतली, आणि आता गाडीखाली जुना ट्रे ठेवते.

पुठ्ठ्यावर दोन वेगळे डाग मिळाले. डावीकडे नुसतं पाणी, म्हणजे एसीचं. हिरवा डाग ड्रायव्हरच्या बाजूला, इंजिनाचा बेल्ट आहे त्याच्या बरोबर खाली. रात्रभर उभी असताना थेंब मोजकेच, ऑफिसहून आल्यावर मात्र बराच मोठा डाग. कूलंटच्या बाटलीत पातळी मिनच्या रेघेखाली गेलीय. तापमानाचा काटा अजून मध्येच असतो.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही दिलेली माहिती फार उपयोगी आहे. रेडिएटर, म्हणजे तापलेलं कूलंट गार करणारा भाग, पुढच्या जाळीमागे असतो. तो फुटला तर डाग बंपरच्या जवळ पडतो. बेल्टच्या खाली डाग आणि इंजिन चालल्यावर जास्त गळती, हे पाहता मला पहिला संशय वॉटर पंपाचा, म्हणजे कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या पंपाचा येतो. पंपाच्या दांड्यामागे सील असतं आणि त्याच्या खाली मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न मुरता त्या भोकातून बाहेर पडतं. तिथे वाळलेल्या कूलंटची हिरवी-पांढरी खपली दिसली तर निदान जवळजवळ पक्कं. याउलट, गळती फक्त सकाळी गार इंजिनाला होत असेल तर बहुतेक वेळा पाइपाची क्लिप सैल असते, कारण गार झाल्यावर रबर आणि धातू आकसतात. पाइप उंदरांनी कुरतडलेत का तेही बघा, मुंबईत हे सर्रास होतं.

तरी माझ्या अंदाजावर पार्ट घेऊ नका. गॅरेजला प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. इंजिन गार असताना कूलंटच्या कॅपच्या जागी हातपंप लावतात आणि कॅपवर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात, साधारण ०.९ किंवा १.१ बार. दाबाचा काटा खाली आला तर गळती आहे, आणि थेंब कुठून येतोय ते टॉर्च लावून डोळ्यांनी दिसतं. जो गॅरेजवाला ही टेस्ट न करता रेडिएटर विकतो, त्याच्याकडे काम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन गरम असताना ही कॅप कधीही उघडायची नाही. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांवर गेलेलं असू शकतं, कॅप सैल केली की क्षणात उकळून तोंडावर येतं. आणि गळती बंद करणारी पावडर किंवा बाटलीतलं औषध कूलंटमध्ये टाकू नका, ते रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही तुंबवतं.

ऑफिसची फेरी टाळता आली तर टाळा. न्यायचीच असेल तर निघण्याआधी गार इंजिनाला पातळी बघा आणि काटा वर चढू लागला की एसी बंद करून बाजूला थांबा. चिपळूणला मात्र दुरुस्तीशिवाय अजिबात नाही. ट्रॅफिकमध्ये समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर येतो, आणि कूलंट कमी असेल तर तिथेच हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) जातं.

प्रतिसाद

पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्वस्त मिळेल. पण वॉटर पंप भंगारातला घेऊ नका, नवाच घ्या. सील किती झिजलंय ते बाहेरून कळत नाही.

धागालेखिका

दुसऱ्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर प्रेशर टेस्ट झाली. काटा हळूहळू उतरला आणि वॉटर पंपाच्या त्या भोकातून हिरवा थेंब आला. खपलीही होती. रेडिएटर, पाइप, क्लिपा सगळं ठीक. पंप, त्याचं गास्केट आणि कूलंटने भिजलेला बेल्ट बदलला, जुनं कूलंट काढून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच नवीन भरलं. रेडिएटरला हातही लावला नाही, खर्च त्या पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी.

आता एकच शंका. ट्रे कोरडा आहे, पण बाटलीतली पातळी परत थोडी उतरली. घाबरायचं का?

प्रतिसाद

अजून नाही. नवीन कूलंट भरताना आत हवा अडकते, ती पुढच्या काही फेऱ्यांत बाहेर पडते आणि तेवढी पातळी उतरते. गार इंजिनाला, सपाट जागेवर, मॅक्सच्या रेघेपर्यंत भरा, त्यावर नको. त्यानंतरही ट्रे कोरडा राहून पातळी उतरतच राहिली तर मात्र परत गॅरेजला जा आणि हेड गास्केट तपासायला सांगा. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, बाटलीत बुडबुडे, ही त्याची लक्षणं. निघायच्या आधी एकदा घोडबंदरपर्यंत एसी लावून जाऊन या, गाडी गार झाल्यावर पातळी बघा. ती जागची हलली नसेल तर आईबाबांना घेऊन निर्धास्त निघा, आणि सुटे कूलंट एक लिटर डिकीत असू द्या.